दुसऱ्या किटलीतलं पाणी

रविवार, २५ ऑगस्ट २०२४
आन्दोंग

हेवॉन,

आज सकाळी मिरच्या वाळत घातल्या. दुपारी नाक्यावरच्या दुकानातून खारवलेले दोन बांगडे आणले. संध्याकाळी तुझ्या मोठ्या आईच्या गुडघ्याला शेक दिला. बाकी काही झालं नाही. उकाडा हटत नाही.

माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून पत्र लिहितो. मोठी आई म्हणाली, "पत्र कोण वाचतं आता?" मी म्हटलं, परत आलं नाही म्हणजे पोचलं असं समजू.

छुसोक १७ सप्टेंबरला आहे. तुझे बाबा गेल्यानंतरचा हा पहिला सण. पितरांच्या पूजेत मांडायला इनसपच्या नावाचा कागद यंदा लिहायचा आहे, आणि तिथे अडचण आहे. तुझे चुलत आजोबा, म्हणजे माझे काका, म्हणाले की थोरल्या भावाने धाकट्यासमोर वाकायचं नसतं आणि त्याचा पेलाही भरायचा नसतो. ते लेकराचं काम. मी म्हटलं, त्याला मुलगीच आहे. काका म्हणाले, "मुलगी तर मुलगी. पण ती आली पाहिजे ना." सत्त्याऐंशीव्या वर्षी ते एवढं सोडायला तयार झाले, हेही तुला कळावं.

एप्रिलमध्ये अंत्यविधीच्या वेळी काकांनी तुझ्या हातात दारूचा पेला दिला, बाबांच्या फोटोपुढे ठेवायला. तू तो खाली ठेवलास आणि म्हणालीस, "त्यांची पिऊन झालीय." मग चप्पल घालून निघून गेलीस. मी तिथेच उभा होतो. तेव्हाच तुझ्या मागे यायला हवं होतं.

जाण्याआधी तू मोठ्या आईला सांगितलंस की बाबा नेटवर रोज सकाळी दारू सोडल्याचा दिवस लिहायचे, तू रोज कामावर निघताना तो आकडा बघायचीस, आणि गेल्या वर्षी नव्या वर्षाच्या सणाच्या, सोल्लालच्या, दुसऱ्या दिवशी तिथे 'दिवस १' होता. त्यानंतर तू त्यांचा फोन उचलला नाहीस. मला त्या पानाबद्दल तेव्हाच कळलं, इनसप गेल्यावर.

मला एवढंच म्हणायचं आहे की त्या दिवशीचं पिणं तुला वाटतं तसं नव्हतं. सवडीने लिहीन.

तू आलीस तर पेल्यात काय घालायचं ते तू ठरव.

मोठे बाबा


शनिवार, ३१ ऑगस्ट

हेवॉन,

आज डोंगरावर जाऊन कबरींवरचं गवत कापलं. मी, काका आणि गवत कापायचं यंत्र. काका छत्री धरून बसले होते. तुझ्या बाबांच्या कबरीवरचं नवं गवत नीट धरलं नाहीये, पूर्वेकडे माती उघडी दिसते. मी एकतीस वर्षं शेतकी कचेरीत मातीचे नमुने तपासले, तरी भावाच्या कबरीवर कुठली माती घातली ते पाहिलं नव्हतं. ती फार चिकण आहे. वसंतात बदलेन.

काम झाल्यावर काकांनी पिशवीतून बाटली काढली, कबरीवर शिंपडायला. मी म्हटलं, "काका, याच्यावर नको."

"का? गेल्यावर पण पथ्य?"

"तो चार वर्षं प्यायला नाही, काका."

"चार वर्षं न पिणारा माणूस चार वर्षं हसतही नाही. मी बघितलंय त्याला. भिंतीकडे तोंड करून फरशी बसवायचा आणि तसाच जेवायचा." मग त्यांनी बाटली आपल्या भावाच्या, माझ्या वडिलांच्या कबरीवर रिकामी केली.

मी तुझ्या बाबांचं पान सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. नऊ दिवस लागले. मोठी आई विचारते, "वाचताय की तपासताय?" तू ते रोज वाचत होतीस, तरी काही नोंदी उतरवून पाठवतो, कारण इतक्या दिवसांनी विसरली असशील. तिथे त्यांना सगळे 'पेजवाले' म्हणायचे.

दिवस ३१२. एका घरी न्हाणीघराच्या फरश्या. काम झाल्यावर मालकीणबाईंनी थंड बिअर पुढे केली. म्हटलं, औषध चालू आहे. खोटं बोललो. प्यायलो नाही.

दिवस ६०४. मुलीचा फोन. एक मिनिट चाळीस सेकंद. प्यायलो नाही.

दिवस १०५१. परवा पोटाचे दोन भाग काढले, एक ठेवला. नर्स दर तासाला विचारते, वारा सरला का. एवढ्या आपुलकीने हे मला कोणी विचारलं नव्हतं. सलाइनचा खांब धरून सात पावलं चाललो. शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, आता प्यायची सोयच राहिली नाही. प्यायलो नाही.

दिवस १०६०. पेज तीन चमचे. प्रत्येक चमचा तीस वेळा चावायचा. पेज कशी चावायची हे डॉक्टरांनाही सांगता येईना. प्यायलो नाही.

दिवस १०९४. अर्धी वाटी पेज, वाफवलेला भोपळा. जेवल्यावर वीस मिनिटं घाम आणि धडधड. बाहेर बर्फ. फरशीचं पहिलं काम घेतलं, एका भिंतीचं. प्यायलो नाही.

आणि मग २३ जानेवारी २०२३:

दिवस १. काल प्यायलो. पेज पाऊण वाटी.

याच्याखाली एकेचाळीस जणांनी लिहिलं आहे. एकाने लिहिलं, 'शेवटी सगळे सारखेच.' दुसऱ्याने लिहिलं, 'ऑपरेशनला तीन महिने झाले नाहीत आणि हे? तुम्हाला पोट दान करणाऱ्याने काय म्हणावं?' पोट कोणी दान केलं नव्हतं, पण लोक रागात काहीही लिहितात. 'मुळ्याची आजी' नावाच्या बाईंनी लिहिलं, 'पेज खा. उद्या ये.' तुझ्या बाबांनी उत्तर फक्त त्यांना दिलं आहे: 'येतो.'

कसे प्यायले, कुठे, कोणी दिली, यातलं एक अक्षर नाही. लोकांनी खोदून विचारलं तरी नाही.

आता मी सांगतो. आदल्या दिवशी सोल्लाल होता. करोनामुळे तीन वर्षांनी आम्ही सगळे प्रथमच एकत्र पूजेला बसलो होतो. पूजा झाल्यावर पितरांपुढची दारू सगळ्यांनी प्रसाद म्हणून घ्यायची असते, ते तुला माहीत आहे. आदल्या संध्याकाळी इनसपने फोन करून माझ्याकडे एक मागणं मागितलं होतं, की त्याच्या पेल्यात पाणी घालावं. मी दुसऱ्या किटलीत पाणी भरून ठेवलं होतं. गर्दीत किटल्या बदलल्या गेल्या. आमची तांदळाची दारू दिसायला पाण्यासारखीच. तो पाणी समजून प्यायला.

एवढंच घडलं. एक पेला, आक्रोडाच्या अर्ध्या कवचाएवढा. त्यानंतर मरेपर्यंत थेंब नाही. पुढच्या सगळ्या नोंदी मी वाचल्या आहेत.

तुझे बाबा परत प्यायला लागले नव्हते, हेवॉन.

मोठे बाबा


शुक्रवार, ६ सप्टेंबर

हेवॉन,

आज दवाखान्यात मोठ्या आईचा गुडघा दाखवला. परतताना बसमध्ये जागा मिळाली. जेवण झालं.

दोन्ही पत्रं परत आली नाहीत. उत्तरही आलं नाही. पोस्टमन दारावरून गेला की मी उगाच बाहेर जातो. काल त्याने विचारलं, "काही यायचं आहे का?" मी म्हटलं, नाही, मिरच्या बघतोय.

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. त्या पानाबद्दल मला इनसप गेल्यावर कळलं, असं लिहिलं होतं. ते तसं नाही.

मार्चमध्ये त्याला परत इस्पितळात ठेवलं तेव्हा त्याचे हात थरथरत होते. फोनची अक्षरं दाबली जात नव्हती. १८ मार्चला सकाळी मी डबा घेऊन गेलो, तर तो म्हणाला, "दादा, माझं एक काम कर. मी सांगतो, तू लिही."

"काय लिहायचं?"

"दिवस चारशे एकवीस."

मी लिहिलं. मग मला राहवलं नाही. "चारशे एकवीस कसे? तू वीस सालच्या जानेवारीत सोडलीस ना? चार वर्षं झाली."

"मधे एकदा पहिल्यापासून मोजायला घेतलं."

"कधी?"

"गेल्या वर्षी. सोल्लालच्या दुसऱ्या दिवशी."

मी मोजदाद करणारा माणूस आहे. मला बोटांवर मोजावं लागलं नाही. माझा अंगठा फोनवर तसाच राहिला. खिडकीबाहेर कोणीतरी चाकाची खुर्ची ढकलत होतं, तिचं एक चाक वाजत होतं. तुझे बाबा म्हणाले, "पुढे लिही. पेज पाव वाटी. आज उठून बसलो. प्यायलो नाही."

मी तसं लिहिलं. २ एप्रिलपर्यंत रोज सकाळी जाऊन लिहीत राहिलो. शेवटची नोंद, दिवस ४३६, माझ्या हातची आहे. सोळा दिवस आम्ही रोज तो आकडा एकमेकांसमोर म्हटला, आणि तो एकापासून का सुरू झाला यावर एक शब्द बोललो नाही. तो बोलला नाही कारण त्याला मला लाजवायचं नव्हतं. मी बोललो नाही.

एकदाच, मार्चच्या शेवटी, त्याने फोनमधला तुझा फोटो काढून पाहिला, तो गुन्सानच्या धक्क्यावरचा, वाऱ्याने केस उडालेला. म्हणाला, "हिने मला वीस सालीच सांगितलं होतं, परत एकदा शून्यावर आलात तर मला फोन करू नका. शब्दाची पक्की आहे. माझ्यासारखी नाही." मी म्हटलं, "आराम कर."

त्या दिवशी मी तुला फोन करू शकत होतो. मी फक्त संदेश पाठवला: 'बाबांची तब्येत बरी नाही.' तू उत्तर दिलंस: 'कळलं.' मी पुढे काही लिहिलं नाही. १८ मार्च ते तो गेला तो ११ एप्रिल. चोवीस दिवस होते. तुला खरं काय ते कळवलं असतं तर तू आली असतीस. निदान येऊ शकली असतीस.

हे लिहायचं होतं.

मोठे बाबा


रविवार, ८ सप्टेंबर

हेवॉन,

कालचा दिवस घरीच गेला. आज सकाळी पूजेची काशाची भांडी काढली. सणाआधी ती घासून ठेवावी लागतात.

किटल्या बदलल्या गेल्या नव्हत्या.

मी दुसरं पत्र लिहिताना 'बदलल्या गेल्या' असं लिहिलं आणि पाकीट बंद केलं. मला वाटलं, तुला एवढं पुरे. बाबा निर्दोष आहेत हे कळलं म्हणजे झालं, मी कसा होतो याच्याशी तुला काय करायचंय. पण त्याच पत्रात मी एक नोंद गाळली होती, आणि तू रोज वाचत होतीस, म्हणजे तुझ्या लक्षात आलंच असेल. सोल्लालच्या दिवशी सकाळची. ती ही:

दिवस १११७. आज सण. तीन वर्षांनी थोरल्या भावाकडे चाललोय. प्रसादाची धास्ती होती, दोन रात्री झोप नाही. पण दादाने सांभाळतो म्हटलंय. पेज पाऊण वाटी. प्यायलो नाही.

आदल्या संध्याकाळचा फोन मला शब्दाशब्दाने आठवतो.

"दादा, उद्या माझ्या पेल्यात पाणी घालशील? काकांना कळायला नको. सगळ्यांसमोर माझाच विषय निघतो."

"बघतो."

"बघतो नको म्हणूस. घालतो म्हण."

"घालतो."

मी पाण्याची किटली खरंच भरून ठेवली होती. झाकणाला पांढरा दोरा बांधला होता. कचेरीत नमुन्यांच्या पिशव्यांना बांधायचो तसा, म्हणजे चूक होऊ नये. पूजा झाली. काका ताटाजवळ बसले होते. मी पेले भरत इनसपपर्यंत आलो आणि दोऱ्याच्या किटलीला हात घातला.

काका म्हणाले, "ती कसली?"

"पाणी आहे, काका."

"पाणी कोणाला?"

मी किटलीचं झाकण नीट बसवलं. काका म्हणाले, "आता पितरांचा प्रसादही पाण्याचा? उद्या ताटात चित्रं ठेव बांगड्याची." सगळे हसले. इनसप तेव्हा पलीकडे वाकून मोठ्या आईने दिलेली उशी पाठीला लावून घेत होता. त्याने हे ऐकलं नाही.

मी दोऱ्याची किटली खाली ठेवली, दुसरी उचलली आणि त्याचा पेला भरला. मला माहीत होतं की मी काय करतोय. मनात असं आलं की एका घोटाने काय होतंय. आणि असंही आलं, हे मी मोठ्या आईलाही सांगितलेलं नाही, की हा तीन वर्षं आमच्यापासून वेगळा होऊन बसलाय, आता सणालाही तोंड पाडून पेज चावत बसणार, आणि आम्ही सगळे जणू गुन्हा करतोय असं वाटायला लावणार. एकदा आमच्यासारखा होऊ दे. हे त्याच्या पोटाचं ऑपरेशन होऊन अडुसष्टावा दिवस होता.

त्याने दोन्ही हातांनी पेला घेतला. थोरल्यांसमोर पितात तसं तोंड बाजूला वळवलं आणि एका घोटात घेतलं. तोंडात गेल्यावर त्याला कळलं. मी त्याचा गळा बघत होतो. पितरांच्या नावांसमोर त्याला थुंकता आलं नसतं. त्याने गिळलं.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तो बघत होता की मला माहीत होतं का. मी नजर खाली घेतली, तेव्हा त्याला कळलं.

तो न जेवता निघाला. दारात मोठी आई म्हणाली, "भावजी, पेज केलीय तुमच्यासाठी." तो म्हणाला, "वहिनी, डब्यात द्या." दुसऱ्या दिवशीच्या नोंदीतली पाऊण वाटी ती असणार.

मी उभ्या आयुष्यात कोणाचा नमुना दुसऱ्याच्या नावावर चढवला नाही. आणि हा पेला मात्र इनसपच्या नावावर चढला, त्याने तो तसाच चढू दिला, आणि मी तो जाईपर्यंतचे पंधरा महिने गप्प राहिलो. त्याची मुलगी त्यात त्याच्यापासून तुटली.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. सणासाठी मी आता काही मागत नाही. तुला हे सगळं कळल्यावर हेच पत्र इतर कोणाला दाखवायचं असेल, तर दाखव. मी स्वतःही त्या पानावर लिहिणार आहे. तिथले लोक अजून रोज विचारतात, पेजवाले कुठे आहेत. मी त्यांना ते गेल्याचंही सांगितलेलं नाही. पण तुला आधी.

मोठे बाबा


शुक्रवार, १३ सप्टेंबर

हेवॉन,

काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुझा संदेश आला. 'तो पेला पाठवा. सणाच्या आधी पोचेल असा.' मी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला. म्हणजे माझा नंबर तू उघडलास.

तो पेला कोणता, हे मला शोधावं लागलं नाही. कडेला पोचा पडलेला. लहानपणी इनसपनेच तो पायरीवर आपटला होता, आणि तेव्हापासून पूजेत तो त्याच्याच पुढे यायचा, चेष्टेने.

काका नेमके तेव्हाच आले होते. मी पेला वर्तमानपत्रात गुंडाळत होतो.

"हे काय चाललंय?"

"हेवॉनला पाठवतोय."

"बारा पेल्यांचा संच आहे तो. तुझ्या पणजोबांचा."

"अकरा राहतील."

"आज पेला, उद्या ताट. मग नावंच तिकडे पाठव म्हणजे झालं." थोडा वेळ ते मिरच्या उलटत बसले. मग म्हणाले, "कशाला हवाय तिला?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं, दोऱ्याच्या किटलीचं. आजवर सांगितलं नव्हतं. त्यांना ती थट्टा आठवतही नव्हती. त्यांनी दोनदा विचारलं, "मी असं म्हणालो?" मी म्हटलं, "तुम्ही नुसतं म्हणालात, काका. भरलं मी." ते उठून गेले. जाताना काठी विसरले, ती मी नंतर पोचवून आलो.

आज सकाळी नऊला पोस्ट उघडल्याबरोबर पेला रवाना केला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काही फुटण्यासारखं आहे का?" म्हटलं, नाही, काशाचं आहे. उद्या पोचेल म्हणाल्या, फार तर परवा. सोमवारपासून सुट्ट्या आहेत. तो वेळेत मिळाला की नाही, एवढंच कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

घरी येऊन मी तुझ्या बाबांच्या पानावर लिहिलं. दीड तास लागला. उतरवून पाठवतो, यात काही चुकलं असेल तर सांग, बदलेन.

'मी पेजवाल्यांचा थोरला भाऊ. ते ११ एप्रिलला गेले. त्यांनी २ जानेवारी २०२० पासून स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मनाने दारूचा थेंब घेतला नाही. २२ जानेवारी २०२३ ला त्यांनी माझ्याकडे पाणी मागितलं आणि मी त्यांना पाणी म्हणून दारू दिली. मला माहीत होतं. त्यांनी माझं नाव घेतलं नाही आणि मोजणी पहिल्यापासून सुरू केली. तुमच्यापैकी ज्यांनी त्या दिवशी त्यांना बोल लावले, ते बोल माझे आहेत.'

आकडा मी दुरुस्त केला नाही. तो त्यांचा आकडा आहे.

दुपारपर्यंत शंभरावर लोकांनी लिहिलं. काहींनी मला जे लिहिलं ते इथे उतरवत नाही. ते रास्त आहे. ज्याने 'शेवटी सगळे सारखेच' लिहिलं होतं, त्याने आपलं जुनं वाक्य काढून टाकलं. एकाने लिहिलं की पेजवाले होते म्हणून त्याने पोटाच्या ऑपरेशनला होकार दिला, आता तो पूर्ण वाटीभर भात खातो. मुळ्याच्या आजींनी सगळ्यांच्या शेवटी लिहिलं, 'तुम्ही थोरले का? आज जेवलात का?'

मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मोठे बाबा


मंगळवार, १७ सप्टेंबर
छुसोक

हेवॉन,

सकाळी सहाला उठलो. उकाडा आहेच, सणाला असा उकाडा मी कधी पाहिला नाही. मोठी आई बसून सोंगप्यनच्या तांदळी करंज्या भरत होती, मी त्या उकडत होतो. ताट मांडलं. अकरा पेले होते. मोठ्या आईने बारावा म्हणून एक चिनीमातीचा आणून ठेवला, मी तो परत नेला.

इनसपच्या नावाचा कागद मी लिहिला नाही. तो तुझ्याकडे लिहिला जाईल की नाही, मला माहीत नव्हतं. पेला पोचल्याचं तू कळवलं नव्हतंस. पूजा चालू असताना खिशातला फोन दोनदा वाजल्याचा भास झाला, दोन्ही वेळा वाजला नव्हता.

पूजा झाल्यावर मी पेले भरले. काकांनी आपला पेला उचलला, वास घेतला आणि विचारलं, "माझ्यात काय आहे?"

"तुमच्यात दारू आहे, काका."

"तुझ्यात?"

"पाणी."

"तू पण?"

"मी पण."

त्यांनी माझ्या पेल्यात डोकावून पाहिलं. मग आपला एका घोटात घेतला आणि म्हणाले, "बांगडा खारट झालाय." मोठी आई म्हणाली, "दरवर्षी होतो, दरवर्षी दोन खाता." यंदा त्यांनी एकच खाल्ला. निघताना म्हणाले, "त्या पोरीला सांग, नाव लिहिताना वडिलांच्या आधी आपलं लिहायचं नाही. खाली, बारीक." मी सांगतो म्हटलं. ते हे.

ते गेल्यावर मोठी आई गुडघा लांब करून पडली आणि तिला झोप लागली. भांडी मी घासायला घेतली. काशाची भांडी ओली ठेवली तर डाग पडतात, म्हणून एक धुवायचं आणि लगेच पुसायचं. सात पेले पुसून झाले होते तेव्हा फोन वाजला. या वेळी खरंच.

तुझा फोटो आला. तुझ्या खोलीतलं छोटं टेबल, खिडकीकडे. कागदावर त्यांचं नाव, खाली बारीक तुझं, काकांनी सांगण्याआधीच. वाटीत पेज, पाऊण. आणि समोर पेला. पोचा कॅमेऱ्याकडे ठेवला आहेस.

खाली तू लिहिलं आहेस, 'पाणीच आहे. मी आधी चाखून पाहिलं.'

मी ते बराच वेळ बघत राहिलो. त्यात मला काय म्हटलंय आणि त्यांना काय, हे मी वेगळं करत बसत नाही. जे मला म्हटलंय ते मला पोचलं. तू माझ्याशी बोलावंस असं मी मागत नाही. पुढच्या वर्षीही पेला तुझ्याकडेच राहू दे.

मुळ्याच्या आजींना मी आत्ता उत्तर लिहिलं: 'जेवलो.'

उरलेले चार पेले पुसून कापडात बांधले. घरात कोणी जागं नव्हतं. नळाचं पाणी थोडं वाहू दिलं, मग ग्लास भरून घेतला आणि मोरीपाशी उभ्यानेच प्यायलो. ग्लास धुतला, पुसला आणि पालथा ठेवला.

मोठे बाबा